उतरत चाललेली पांढरी एक

मिल्या, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी भर हॉलमध्ये ओरडले. तू असतास तर म्हणाला असतास, बाबा आले. भन्तेजींचं झालं होतं, खीर वाटून झाली होती, आणि तुझ्या खारघरच्या बागेतल्या ग्रुपची तिघं-चौघं आपापली युकुलेली घेऊन पुढं आली. एकच धून वाजवतो म्हणाली, मिलिंदच्या आवडीची. तुझ्या फोटोपुढं मी तुझं आंब्याच्या लाकडाचं युकुलेले ठेवलं होतं. तुझा तो अनिकेत, ऐरोलीचा आयटीवाला, त्यानं ते उचललं, तारांवरून एकदा अंगठा फिरवला, तोंड वाकडं केलं आणि खुंट्या पिळायला हात घातला.

"ताई, फुल आउट आहे. दोन मिनिटांत ट्यून करतो."

"ठेव ते."

"अहो ताई, असं वाजवलं तर कसं..."

"ठेव म्हणते ना खाली. हात तोडीन."

तुझ्या स्मितानं माझा दंड धरला. तिला वाटलं नवऱ्यामागोमाग नणंद पण हातची गेली. अनिकेतनं गुपचूप ठेवून दिलं आणि त्यांनी बाकीच्या वाद्यांवर काहीतरी वाजवलं. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही, मी त्या वेळी फक्त तुझ्या युकुलेल्याच्या खुंट्यांकडे बघत होते, कुठं हलल्यात का. त्याची काय चूक? वाद्य सुरात नसेल तर लावायचं, एवढं त्याला माहीत. त्या जाड्या तारेवर बाबांची पांढरी एक आहे, हे त्याला कुठून माहीत असणार.

आता तुला बाबांची पेटी काय सांगायची, पण बोलू दे मला. हे ऐकून घ्यायला तुझ्याशिवाय होतं कोण? बाबांची गायन पार्टी होती, जयंतीला महाडकडच्या गावागावांतून बोलावणी यायची, आणि पत्र्याच्या ट्रंकेत ती पेटी चादरीत गुंडाळून जायची. ती पेटी मुळातच उतरलेली. कुठल्या तरी कारागिरानं कधीतरी नुसत्या कानानं सूर बसवले होते आणि त्याचा कान जरा खाली असावा. दुसऱ्या पार्टीच्या पेटीबरोबर बसायची वेळ आली की दोन्ही एकमेकींना खायला उठायच्या. बाबा कधी मान्य करायचे नाहीत. म्हणायचे, "त्यांची चढलेली हाय. आपली बराबर हाय."

बाबा गायला बसले की आधी पांढरी एक दाबायचे, पहिला पांढरा सूर, तोच त्यांचा सा. त्या सुरावर आपण दोघं वाढलो. तुझ्या कानात तो बसला, माझ्या नाही बसला. बाबांचे कान तुला गेले, बाबांचा राग मला आला. वाटणीत मी फसले असं तू आईला नेहमी सांगायचास.

युकुलेले आपल्या घरात आलं ते माझ्या मोडक्या मनगटामुळं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वळत नव्हती, आणि फिजिओथेरपीवाली म्हणाली, बोटांना काहीतरी काम द्या. गिटार मला झेपेना, म्हणून मी महोगनीचं एक मधल्या आकाराचं युकुलेले आणलं. तू आलास आणि दारातच हसायला लागलास. "तायडे, गिटारला पिल्लू झालं का गं?" आणि संध्याकाळपर्यंत ते पिल्लू तुझ्या मांडीवर. मला परत मिळेना. आई म्हणाली, पोरीचा हात बरा होऊ दे की रं. तेव्हा कुठं तू स्वतःचं आणलंस, ते निळं, प्लायवूडचं, सगळ्यात छोटं. मग पांढऱ्या स्प्रूसच्या फळीचं मोठं टेनॉर. आणि मग नेरूळच्या कुणीतरी घर बदलताना काढून टाकलेलं हे आंब्याचं.

त्यावर आपण किती भांडलो रे. मी म्हणाले, आंब्याच्या लाकडाची खोकी करतात, त्याचा कसला आवाज. तू म्हणालास, "आंबा पिकतो कशात? खोक्यातच ना?" मी म्हणाले, उगाच काहीतरी बोलू नको.

दर रविवारी तू द्रोणागिरीहून बाइकवर यायचास, कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत, पाठीला दोन कव्हरं, मांडीत एक अडकवलेलं, केसांत गोदामाची आठवडाभराची धूळ. चहा व्हायच्या आत तुझा हुकूम, "भिंतीकडे तोंड कर." मी पन्नाशीची बाई, शाळेत शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी. तू मागं बसून एकेक युकुलेले उचलायचास, प्रत्येकावर तीच चार सुरांची ओळ, आणि मी सांगायचं कुठलं ते. मी कधी चुकले नाही. तेवढं माझं तू मान्य करायचास. म्हणायचास, ताईला सूर कळत नाही, लाकूड कळतं. सुतार व्हायला पाहिजे होती.

निळ्याचा आवाज ठणठणीत आणि लगेच संपणारा, स्टीलच्या वाटीवर नख मारावं तसा. माझी महोगनी मऊ, जरा नाकात बोलणारी, सर्दी झालेल्या मावशीसारखी. हे तुझं वर्णन हं, माझं नाही, आणि मी त्याबद्दल तुला जेवायला वाढलं नव्हतं. टेनॉर उजळ आणि मोठं, सूर छेडून झाला तरी मागं बोलत राहणारं. तू म्हणायचास, हे वाद्य नाही, हे जयंतीचं भाषण आहे, माईक सोडतच नाही. आणि आंब्याचं. ते वाजवलं की आधी काहीच वाटायचं नाही. निळ्याइतकं टोकदार नाही, टेनॉरइतकं भरलेलं नाही. पण सूर विझायला लागला की शेवटी शेवटी तो गोल व्हायचा. तू बोट वर करून मला थांबवायचास, "आता ऐक. आता. जाताना गोड होतंय बघ." मला ते ऐकू यायचं, मिल्या. मी मुद्दाम म्हणायचे, काही नाही, तुला भास होतो. तू चिडलेला मला आवडायचास.

सगळ्यात वरची तार बारीक आणि उंच का, हे मी तुला एकदा विचारलं होतं. जाडी तार वर असायला पाहिजे ना, गिटारला असते तशी. तू म्हणालास, "ती तू आहेस. मान मोठीचा, आवाज चिरका." तेव्हापासून तुझ्या फोनमधलं माझं नाव तू बदलून ठेवलं होतंस, वरची तार. तू गेल्यावर स्मितानं तुझ्या फोनवरून नंबर दाबून मला फोन केला तर पलीकडून रडत म्हणाली, ताई, यात तुमचं नाव सापडेना मला.

आईला आता जवळजवळ ऐकू येत नाही. तिच्यासाठी तू वेगळी पद्धत काढलीस. तिच्याजवळ पलंगावर बसायचास, तिचा हात धरून युकुलेल्याच्या पाठीवर ठेवायचास आणि वाजवायचास. ती डोळे मिटून एकेकावर हात ठेवायची, आपण दोघं निकालाची वाट बघत. एकदा आंब्याच्या पाठीवर हात ठेवला तो तिनं उचललाच नाही. म्हणाली, "ह्यो बोलतो. बाकीचे निस्ते वाजतात." तू माझ्याकडे असं बघितलंस, जशी कोर्टाची ऑर्डर आली. त्या दिवशी मी हरले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मोऱ्याच्या जेट्टीवर गेलो होतो ती दुपार मला सारखी आठवते. तुझं म्हणणं, घरात चार भिंती मदत करतात, खरा आवाज उघड्यावर कळतो. मला सुट्टी होती, तू शिफ्ट बदलून घेतलीस. तिथं वारा असा की महोगनी तर लाँचच्या इंजिनाखाली बुडूनच गेली, तुझं लाडकं आंब्याचं माझ्या कानाशी धरलं तरी नीट ऐकू येईना, आणि ते निळं, ज्याला मी प्लास्टिकचा डबा म्हणायचे, ते मात्र पार धक्क्याच्या टोकापर्यंत खणखणत गेलं. जाळ्याशी बसलेली एक कोळीण बघत होती. म्हणाली, "यो बाजा पोरांचा हाय ना? पोरं कुटं हायेत?" तू म्हणालास, "मावशी, आमीच पोरं." ती हसली आणि तिनं आपल्याला जागा करून दिली. परत येताना तू म्हणालास, ताई, म्हणजे चांगला आवाज कुठला ते ठरवताच येत नाही, कुठं बसून ऐकतोय त्यावर आहे सगळं. मी म्हणाले, हरलास की असं बोलतोस. आज वाटतं, तेवढी एक दुपार दिलीस तरी पुष्कळ दिलंस. पण हे वाटणं टिकत नाही रे. दुसऱ्या मिनिटाला वाटतं, एकच का दिलीस.

आणि आपलं खरं भांडण तर वेगळंच. मी क्लिपचा ट्यूनर लावणारी. सुई मधे आली, हिरवा दिवा लागला, झालं. तू ट्यूनरला हात लावायचा नाहीस. आधी डोळे मिटायचास, बाबांची पांढरी एक मनात दाबायचास, जाडी तार त्यावर मिळवायचास आणि बाकीच्या तिच्यावर. त्यामुळं तुझी सगळी युकुलेली जगापेक्षा थोडी खाली. तुझा ग्रुप तुला सांगून थकला. आपण दोघं एकत्र वाजवायला बसलो की शेजारच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या.

"तू चढ," मी म्हणायचे.

"तू उतर," तू म्हणायचास.

दर रविवारी हेच. ना तू चढलास, ना मी उतरले. मी म्हणायचे, जग एका सुरात आहे, तू एकटा दुसऱ्यात. तू म्हणायचास, जग चढलंय. अगदी बाबांच्या आवाजात.

पेटी गावच्या विहाराला द्यायचं आईनंच ठरवलं. फ्लॅटमध्ये नुसती पडून होती, तिकडं वाजेल तरी. गावच्या पोरांनी ती मायेनं सांभाळली आणि मायेनंच दुरुस्त करून आणली, नवा भाता, नवे सूर, सगळं एकदम बरोबर. त्या जयंतीला तू गेलास, पेटीसमोर बसलास आणि पांढरी एक दाबलीस. आणि तसाच उठून माझ्याकडे आलास. सोफ्यावर बसलास, हेल्मेट मांडीवर. म्हणालास, "ताई, बाबा गेले."

बाबांना जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती. मी म्हणाले, हात धू, जेवायला बस. दुसरं काय म्हणणार होते मी? तू जेवलास, आईशी हसलास, गेलास. त्या पोरांना तू एका शब्दानं बोलला नाहीस. उलट फोन करून सांगितलंस, पेटी मस्त झाली.

आता तो शेवटचा रविवार. तू आंब्याच्या युकुलेल्याला नव्या तारा चढवत बसला होतास. मी बाजूला पालक निवडत होते. चढवून झाल्यावर डोळे मिटलेस, खूप वेळ मिटलेस, मग जाडी तार लावलीस. मी म्हणाले, झोपलास काय. तू म्हणालास, थांब गं. मग म्हणालास, हे आईसाठी इथंच ठेवून जातो, तिला हात ठेवायला. "नव्या तारा आहेत, उतरणार. आठवडाभर रोज लावत जा, मग बसतील."

मी म्हणाले, "कशात लावू? तुझ्यात की माझ्यात?"

तू हेल्मेट घालत होतास. "लाव तुझ्या ट्यूनरवर. काय फरक पडतो."

मला एवढा आनंद झाला, मिल्या. मी आत जाऊन आईला खुणेनं सांगितलं, आज तुझा लेक हरला. आई पण हसली. आणि त्याच आठवड्यात तू गोदामात चहा पिता पिता खुर्चीवर बसलास तो उठलाच नाहीस. सगळे म्हणतात, त्रास झाला नाही, एका सेकंदाचं काम. त्यांना मी काय सांगू? भांडण सोडून देणारा मिल्या मी जन्मात पाहिला नव्हता. त्या दारातच मला कळायला पाहिजे होतं. मी पालक निवडत बसले.

तू सांगितलं होतंस तसं रोज लावायला पाहिजे होतं. पहिले दोन-तीन दिवस ऑफिसच्या गडबडीत राहिलं. नंतर तू गेलास आणि मग माझा हातच जाईना. कारण त्या तारांना शेवटचा हात तुझा. मी ट्यूनर लावून खुंटी पिळली की सुई मधे येईल, हिरवा दिवा लागेल आणि तू पुसला जाशील. न पिळली तरी उतरतेच आहे ती. नव्या तारा कुणासाठी थांबत नाहीत, तूच म्हणायचास, पहिले दिवस त्या नुसत्या खाली येतात.

हॉलमध्ये मी त्याच्यावर ओरडले तरी अनिकेत काल घरी आला. भला माणूस आहे, तू सांगायचास ते खरं. चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, माझं चुकलं. पण यावर उपाय आहे ना. मिलिंदचे व्हिडिओ आहेत सगळ्यांकडे. त्यातनं त्याचा सूर मोजतो, नंबर काढतो. मग कायम तोच लावायचा. कुठंच जाणार नाही तो." मला तेव्हा वाटलं, हा माणूस देवासारखा आला. आपण देव मानत नाही, पण वाटलं. आम्ही दोघं डायनिंग टेबलावर बसलो. तो एकेक व्हिडिओ लावायचा, तू जाडी तार छेडायचास, तो आकडा बघायचा. तुझी बोटं, तुझा तो चौकड्याचा शर्ट, मागं माझ्या कुकरची शिट्टी.

त्यानं सगळे आकडे पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितले. मग म्हणाला, "ताई, एक नंबर नाही येत आहे. प्रत्येक वेळी वेगळा आहे. आधीचे सगळे जवळजवळ सेम आहेत. पण या जयंतीच्या तारखेनंतर बघा. थोडं थोडं खाली येतंय. दर वेळी."

म्हणजे तुझ्याकडे पण नव्हता. पेटी होती तोवर गावी गेलास की कान ताजा करून यायचास. पेटी बदलली आणि मग तुझ्याकडे नुसती आठवण उरली, ती पण तारेसारखी उतरत होती, आणि तुझ्या कानाला ते कळत असणार. तुला नाही कळणार तर कुणाला? म्हणून त्या दिवशी डोळे एवढा वेळ मिटलेस. शोधत होतास. सापडली नाही ना रे पांढरी एक? आणि मग हेल्मेट घालता घालता म्हणालास, काय फरक पडतो. मला वाटलं तू हरलास. तू तर बाबांना दुसऱ्यांदा पोचवून निघाला होतास, एकटाच, मला न सांगता. मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस का? का म्हणाला असतास, तायडे, तुला सूर कळत नाही, लाकूड कळतं, तू तुझं लाकूड बघ.

अनिकेत म्हणाला, "यातला कुठला धरायचा?" मी म्हणाले, राहू दे. त्याला दारापर्यंत सोडलं.

स्मितानं तुझं निळं आणि टेनॉर पण माझ्याकडे आणून दिलंय. म्हणाली, ताई, घरात नको, कपाटात काही ठेवायला गेलं की धक्का लागतो आणि वाजतात, मला वाटतं हा आला. तिचं बरोबर आहे. मी ती दोन्ही वर माळ्यावर ठेवली. भिंतीकडे तोंड करून उभं राहायला आता मला कुणी सांगणार नाही. परवा मी उगाच उभी राहिले होते, स्वयंपाकघराच्या दारामागच्या भिंतीकडे. आईनं पाहिलं.

आता रोज ऑफिसहून आले की हातपाय धुते आणि तुझ्या आंब्याच्या युकुलेल्याची जाडी तार एकदा छेडते. एकदाच, हलक्या अंगठ्यानं, नाहीतर माझ्या छेडण्यानं पण उतरायची. आईचा हात त्याच्या पाठीवर असतो. शेवटी तो सूर गोल होतो, अजून होतो, मला भास होत नाही, मिल्या, तेव्हा पण होत नव्हता. आज आई म्हणाली, "लई खालनं बोलतोय गं."

मग मी माझी महोगनी घेते. ट्यूनर मी ड्रॉवरमध्ये टाकलाय. तुझी तार कानात धरते, मला सूर कळत नाही तरी धरते, आणि माझी जाडी तार सोडत सोडत तुझ्यापर्यंत खाली आणते. काल आणली त्याच्या खाली आज आणली. उद्या तू अजून खाली गेलेला असशील, मग मी पण येईन. तू उतर म्हणायचास ना इतके दिवस, बघ, उतरले. पण तार फार सैल झाली की तिच्यात सूर राहत नाही, नुसती लाकडावर फडफडते, हे तूच मला शिकवलंस. तिथपर्यंत मी सोबत करते. त्याच्या पुढं कसं यायचं ते सांगितलं नाहीस.